बाबांच्या परीक्षेचा मॉनिटर

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

बाबा, लॅपटॉपच्या चौदा इंची पडद्यावर प्रश्नाचं बारीक अक्षर लागत नाही म्हणून मॉनिटर घ्यायचा, हे पटलं. पण लॅपटॉप शेजारी उघडा ठेवून मॉनिटर जोडू म्हणालात, ते जमणार नाही. घरून, कॅमेऱ्यातून निरीक्षक बघत असताना द्यायच्या या परीक्षांत बहुतेक ठिकाणी एकच पडदा चालतो. दुसरा सापडला की सॉफ्टवेअर पुढे जाऊच देत नाही. म्हणजे लॅपटॉप मिटवायचा. तो मिटला की कॅमेरा, कीबोर्ड आणि टचपॅड त्याच्याबरोबर गेले, माइकचा आवाजही दबतो. हे सगळं बाहेरून जोडायचं म्हणजे नुसत्या मॉनिटरवर भागत नाही. त्यामुळे परीक्षेच्या ई-मेलमधले नियम आधी नीट वाचा. मिटलेला लॅपटॉप आणि बाहेरचा मॉनिटर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर त्यांना लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत पैसे घालू नका.

चोवीस इंची, 1920 बाय 1080 रिझोल्यूशनचा मॉनिटर पुरे. दुकानदार त्याहून जास्त रिझोल्यूशनचा फोर-के दाखवेल. त्यात अक्षर मुळात अजून बारीक दिसतं, मग स्केलिंग, म्हणजे अक्षराचा आकार, वाढवत बसावं लागतं. केबल एचडीएमआयची, दीड मीटरची. हॉलमधला टीव्ही जोडायचा विचार सोडा, बरेच टीव्ही चित्राच्या कडा कापतात आणि कोपऱ्यातलं 'पुढे' बटणच दिसेनासं होतं. सगळ्या केबल एका जागी जोडायची डॉक नावाची डबी गळ्यात मारतील, तीही नको. काही डॉक वेगळ्या ड्रायव्हरवर, म्हणजे जास्तीच्या सॉफ्टवेअरवर, पडदा चालवतात आणि परीक्षेच्या सॉफ्टवेअरला ते खपेलच असं नाही.

वेबकॅम साधा यूएसबीचा, माइक असलेला घ्या. कीबोर्ड-माउस वायरवालेच बरे, ऐन वेळी सेल संपण्याची भानगड नाही. वेबकॅम थेट लॅपटॉपमध्ये खोचा. काही मॉनिटरच्या मागे यूएसबीची भोकं असतात खरी, पण मॉनिटरपासून लॅपटॉपपर्यंत वेगळी यूएसबी केबल ओढल्याशिवाय ती मेलेलीच.

आता जोडणी. लॅपटॉप उघडून चालू करा आणि पिन टाकून आत शिरा. रोज बोट ठेवून उघडता ना? मिटल्यावर ते बोट ठेवायची जागाही आत जाते, तेव्हा पिन पाठ हवा. एचडीएमआय लावा, मॉनिटरच्या बटणाने इनपुट 'एचडीएमआय' करा. 'नो सिग्नल' आलं तर निम्म्या वेळा इनपुटच चुकलेलं असतं. मग कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, त्यात डावीकडे 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज'. तिथे लिडच्या, म्हणजे झाकणाच्या, ओळीत दोन रकाने आहेत, 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. दोन्हीकडे 'डू नथिंग' करा. सगळे फक्त दुसरा रकाना बदलतात. मग वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, तिथे 'स्लीप' तसंच राहिलेलं असतं, आणि मिटलेला लॅपटॉप भर परीक्षेत झोपी जाऊ शकतो. परीक्षा झाली की दोन्ही परत 'स्लीप' करा, नाहीतर बॅगेत ठेवलेला लॅपटॉप चालू राहून तापेल.

त्यानंतर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, मग झाकण मिटा. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन 1920 बाय 1080, स्केल 125 टक्के. अक्षर तरी लागलं नाही तर 150, पण मग परीक्षेचं पान पूर्ण मावतंय ना ते पाहा. मिटलेला लॅपटॉप टेबलक्लॉथवर नको, खाली दोन लाकडी पट्ट्या द्या म्हणजे गरम हवा निघेल.

एक गोष्ट हमखास फसते. एचडीएमआय लावलं की विंडोज बऱ्याचदा आवाज मॉनिटरकडे पाठवतं, आणि स्वस्त मॉनिटरला सहसा स्पीकर नसतो. निरीक्षक बोलत राहतो, तुम्हाला काही ऐकू येत नाही, आणि हेडफोन बहुतेक चालत नाहीत. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट लॅपटॉपचे स्पीकर आणि इनपुट वेबकॅमचा माइक निवडून ठेवा.

बसण्याचं म्हणाल तर तुमचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. मॉनिटर उंच असला की खालच्या भिंगातून वाचायला हनुवटी वर करत राहाल, मान धरेल. वरची कड डोळ्यांच्या बरीच खाली, अंतर हातभर. वेबकॅम वरच्या कडेवर मधोमध. खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा पडतो, म्हणून ती बाजूला घ्या. आणि वाचताना ओठ हलवायची सवय त्या दिवसापुरती आवरा, निरीक्षक त्यावर टोकतात.

विजेचं मुद्दाम लिहिते. लॅपटॉपला बॅटरी आहे, मॉनिटरला नाही. मॉनिटर साधारण 25 वॅट, राउटर 10, चार्जर 65, असे मिळून 100 वॅट धरा. इन्व्हर्टरला हे काहीच नाही, पण आतल्या खोलीतला प्लग इन्व्हर्टरवर आहे का? मेन स्विच पाडून बघा. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस' असा खटका असेल तर तो लावा, साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणाऱ्या क्षणभरात राउटर रीस्टार्ट होऊ शकतो आणि परीक्षा तुटते. आदल्या दिवशी महावितरणचा मेसेज पाहा. सिंहस्थाच्या कामांसाठी आपल्या बाजूचा रस्ता खणत असतील तर फायबरवाल्याचा नंबरही हाताशी असू द्या. राउटरपासून लॅपटॉपला लॅनची केबल ओढा. लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर लागेल, म्हणजे अजून एक यूएसबी पोर्ट गेला.

परीक्षेच्या सॉफ्टवेअरची सिस्टिम टेस्ट, म्हणजे आधीची चाचणी, याच जोडणीवर, झाकण मिटून, परीक्षेच्याच वेळेला करा. झाकण उघडं ठेवून पास झालेली टेस्ट कामाची नाही. मी इथून बघते ते एनीडेस्क परीक्षेआधी काढून टाका, दुरून चालवायचं सॉफ्टवेअर दिसलं की परीक्षा अडते. म्हणजे त्या दिवशी मी मदतीला नाही. विंडोजचे अपडेट आठवडाभर 'पॉज' करा.

आई, बाबा आत गेले की दार उघडू नकोस, चहा द्यायलासुद्धा नाही. कोणी खोलीत आलं किंवा बोललं तर परीक्षा रद्द होऊ शकते. दारावरची बेल बंद ठेव, कुकर आधी लावून घे. परीक्षेआधीच्या चेक-इनला, म्हणजे तपासणीला, खोलीचे फोटो काढायला बाबांना मोबाइल लागेल, पण त्यानंतर तो हात पोचणार नाही असा ठेवायचा असतो. तुझा मोबाइलही त्या खोलीत नको.

बाबा, खरेदीला एमजी रोडला निघण्याआधी लॅपटॉपच्या दोन्ही बाजूंच्या पोर्टचे फोटो पाठवा. वेबकॅम, कीबोर्ड, माउस आणि लॅन मिळून चार यूएसबी होतात. पोर्ट कमी असतील तर हबही, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारी डबी, आणावा लागेल.

तुमची लेक