हजेरी भरली तर हप्ता : बालकल्याण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय बालकल्याण मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

गरीब कुटुंबांना दरमहा थेट पैसे द्यावेत की नाही, या वादात मी शिरत नाही. द्यावेत. माझी तक्रार आहे ती त्या पैशाला जोडलेल्या अटीबद्दल. मुलाची हजेरी ठरलेल्या टक्क्यांखाली गेली की हप्ता बंद, हे कागदावर शहाणपणाचं वाटतं. मी शाळेत समुपदेशक आहे. अंगात ताप असलेली मुलगी बाकावर डोकं टेकून विचारते, "बाई, मधल्या सुट्टीपर्यंत बसले तर हजेरी लागते ना?" तिला अभ्यास बुडण्याची चिंता नसते, घरचा हप्ता तिच्यामुळे बुडेल, याची असते.

ही एकट्या माझ्या शाळेची गोष्ट असती तर पत्र लिहिलं नसतं. आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या झोंबा जिल्ह्यात २००८ आणि २००९ अशी दोन वर्षं किशोरवयीन मुलींच्या घरांना मदत दिली गेली. काहींना हजेरीच्या अटीवर, काहींना बिनशर्त. काही पैसे मुलीच्या हातात, बाकीचे पालकांच्या. बिनशर्त गटातल्या शाळकरी मुलींमध्ये मानसिक त्रासाचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं, अटीच्या गटात फक्त १७ टक्क्यांनी. त्याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. अटीच्या गटात पालकांची रक्कम जितकी मोठी, तितका मुलींना मिळणारा दिलासा कमी. साहजिकच आहे, घर चालवायची जबाबदारी तुम्ही पोरीच्या दप्तरात घालता. आणि योजना संपल्यावर तो दिलासाही टिकला नाही, हेही सांगायला हवं.

"पैसे उडवतील" ही शंका मी बैठकांमध्ये इतकी ऐकली आहे की आता उत्तर तोंडपाठ आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी या मूळनिवासी समाजाने १९९०च्या दशकात कॅसिनो सुरू केला आणि नफ्याचा वाटा प्रत्येक सदस्याला मिळू लागला. कशावर खर्च केला, हे कुणी विचारलं नाही. जी घरं त्यामुळे गरिबीतून वर आली, त्यांतल्या मुलांचा आक्रस्ताळेपणा, उलट बोलणं, मारामाऱ्या कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आल्या. नैराश्य आणि चिंता मात्र त्या काळात फारशी हलली नाही. संशोधकांना सापडलेलं मुख्य कारण साधं होतं : आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला.

सगळीकडे असंच घडतं असा माझा दावा नाही. अमेरिकेतच २०१८ पासून नवजात बाळांच्या गरीब आयांना दरमहा ३३३ डॉलर देऊन पाहिले; मुलं चार वर्षांची झाली तेव्हा भाषेत किंवा वागण्यात ठळक फरक दिसला नाही. पैसा म्हणजे औषध नव्हे. पण निदान त्याने नवं दुखणं तरी देऊ नये.

म्हणून मागणी एवढीच : हजेरीची अट काढा आणि हप्ता ठरलेल्या तारखेलाच जमा करा. उशिरा आलेल्या पैशाचे वाद घरात मुलांसमोरच होतात, हे वेगळं सांगायला नको. एखादं मूल वारंवार गैरहजर दिसलं, तर त्याच्या घरी जरूर माणूस पाठवा. फक्त हप्ता रोखायचा अधिकार त्या माणसाकडे नसावा.

आपली,
एक शाळा समुपदेशक