ट्रॅक लाइट आहेतच, ते रंगमंचाकडे वळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात मोठा प्रयोग म्हटला की हुतात्मा स्मृती मंदिर किंवा डॉ. निर्मलकुमार फडकुले सभागृह ही नावे पुढे येतात. पण एकांकिकांच्या तालमी, अभिवाचने, शाळांची स्नेहसंमेलने आणि काव्यवाचने होतात ती वाचनालयांच्या, शाळांच्या आणि सोसायट्यांच्या छोट्या सभागृहांत. अलीकडे त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी छताला ट्रॅक लाइट, म्हणजे वीज वाहणाऱ्या पट्टीवर (ट्रॅकवर) सरकवता आणि वळवता येणारे दिवे, बसवलेले दिसतात. तरीही नाटक बसवायचे ठरले की ते बंद करून मंडपवाल्याकडून पार लाइट (डब्याच्या आकाराचे मोठे दिवे) भाड्याने आणले जातात, नाहीतर सरळ ट्यूबलाइटखाली प्रयोग होतो. हातातले दिवे नीट वळवले तर ८०-१०० प्रेक्षकांच्या सभागृहाला ते पुरतात, आणि खर्च मुख्यतः रिकाम्या पट्टीचा, वायरचा आणि वायरमनच्या मजुरीचा असतो. म्हणून हे सविस्तर पत्र.

दोष दिव्यांत नसतो, जागेत असतो. ट्रॅक बहुतेक वेळा मंचाच्या चौथऱ्याच्या बरोबर डोक्यावर बसवलेला असतो. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात भुवयांची सावली डोळ्यांवर येते आणि तिसऱ्या रांगेतून नटाचे डोळेच दिसत नाहीत. चेहरा दिसायला उजेड समोरून आणि साधारण ४५ अंशांतून यावा लागतो. हिशेब सोपा आहे. चौथऱ्यापासून छत ११ फूट आणि उभ्या माणसाचा चेहरा ५ फुटांवर धरला तर फरक ६ फूट. म्हणजे दिवाही नटाच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला, ६ फूट हवा. नट चौथऱ्याच्या कडेपासून २ फूट आत उभा असेल, तर ट्रॅक कडेच्या बाहेर ४ फुटांवर आला. तोच नट ७ फूट आत गेला की याच ट्रॅकवरून उजेड ३० अंशांपेक्षाही सपाट पडतो आणि त्याची लांब सावली मागच्या पडद्यावर चढते. त्यामुळे १० फूट खोल मंचाला दोन रांगा लागतात: एक कडेच्या ४ फूट बाहेर, दुसरी कडेच्या १ फूट आत.

जुना ट्रॅक मात्र काढू नका. त्यावर दोन-तीन दिवे ठेवून ते नटाच्या खांद्यांवर आणि केसांवर मागून पडतील असे वळवा, म्हणजे नट पडद्यापासून सुटा दिसतो. बाकीचे दिवे नव्या पट्ट्यांवर सरकवा. नवी पट्टी घेताना जुना दिवा दुकानात घेऊन जा. दोन, तीन आणि चार तारांच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात आणि एका कंपनीचे अडॅप्टर (दिव्याचा पट्टीत अडकणारा भाग) दुसऱ्या कंपनीच्या पट्टीत बसतीलच असे नाही. जबरदस्तीने बसवलेला दिवा आतल्या तांब्याच्या पट्टीला अर्धवट टेकतो, ठिणग्या उडतात आणि प्लास्टिक वितळते.

१६ फूट रुंद मंचाचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग करा आणि प्रत्येक भागावर दोन बाजूंनी तिरपे दोन दिवे सोडा. एका रांगेला सहा, दोन रांगांना बारा दिवे झाले. २० वॅटचे धरले तर सगळे मिळून २४० वॅट. ३६ अंशांचा झोत पावणेतीन-तीन मीटरवर सुमारे ६ फुटांचे वर्तुळ टाकतो. झोताचा कोन जिथे संपतो तिथे उजेड निम्मा झालेला असतो, म्हणून शेजारच्या दोन वर्तुळांच्या कडा एकमेकींना भिडल्या की निम्मा अधिक निम्मा मिळून पूर्ण उजेड होतो आणि मध्ये काळा पट्टा राहत नाही. शोरूमसाठी घेतलेले १५ किंवा २४ अंशांचे दिवे इथे चालत नाहीत. नट एक पाऊल सरकला की अंधारात जातो. ते मागच्या उजेडासाठी ठेवा. उजेड पुरेल का, हे विकत घेण्याआधीच कळू शकते: माहितीपत्रकावरचा कॅन्डेलाचा (झोताच्या तीव्रतेचा) आकडा मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागायचा, की मंचावर पडणारा उजेड लक्समध्ये मिळतो. ४,००० कॅन्डेलाचा दिवा ३ मीटरवर सुमारे ४४० लक्स देतो. छोट्या मंचाला असे दोन दिवे एका भागावर भरपूर होतात.

रंगाबाबत एक आग्रह आहे. ६५०० केल्विनचे (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) पांढरे दिवे चेहऱ्यावर नकोत, त्वचा राखाडी दिसते. एका बाजूने ३००० आणि दुसऱ्या बाजूने ४००० केल्विन दिले तर चेहऱ्याला उठाव येतो. रंगदर्शकता, म्हणजे सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा), ९० च्या आसपास असेल तर लाल-मरून लुगडेही मळकट दिसत नाही.

आता खरी अडचण. साध्या ट्रॅकवर सगळे दिवे एकदम लागतात आणि एकदम विझतात. नाटकाला निदान तीन-चार गट वेगळे हवेत. दोन पट्ट्यांमधला जॉइंटर (जोड) काढून प्रत्येक तुकड्याला वेगळे फीड (वीजपुरवठा) आणि वेगळा स्विच दिला की गट पडतात. मात्र हे गट दिवा कुठे टांगला आहे त्यानुसार पडतात, उजेड कुठे पडतो त्यानुसार नाही. डाव्या भागावरचा तिरपा दिवा मधल्या तुकड्यावर असू शकतो. म्हणून कागदावर आराखडा काढल्याशिवाय पट्टी तोडू नये. नवी पट्टी घेणारच असाल तर तीन सर्किटांची, म्हणजे वेगवेगळे चालू-बंद होणारे तीन मार्ग असलेली, घ्या. तिच्यावरच्या प्रत्येक दिव्याला सर्किट निवडायची कळ असते, त्यामुळे दिवा कुठेही टांगा, गट हवा तो मिळतो. या पट्टीला तीन वेगळ्या फेज देण्याचा मोह टाळावा, कारण एकाच पट्टीत ४१५ व्होल्ट येतात. तिन्ही सर्किटे एकाच फेजवरून घ्या आणि एकूण भार पट्टीच्या क्षमतेत ठेवा.

डिमरच्या, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या साधनाच्या, बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. पंख्याचा रेग्युलेटर लावून उजेड कमी करण्याचा प्रयत्न अजूनही होतो. त्याने एलईडीचा ड्रायव्हर (दिव्याला ठरावीक करंट पुरवणारा भाग) जळू शकतो. साध्या ट्रॅक लाइटचे ड्रायव्हर बहुधा डिम होणारे नसतात. चांगला डिमर लावला तरी ते लुकलुकतात, गुणगुणतात आणि फेड आउट (उजेड हळूहळू मावळणे) अर्ध्यावर आला की एकदम विझतात. ड्रायव्हर बदलायचा असेल तर जुन्यावर लिहिलेला मिलिअँपिअरचा आकडा तोच हवा आणि व्होल्टेजच्या मर्यादाही जुळल्या पाहिजेत. डिमर शक्यतो ट्रेलिंग एज प्रकारचा (विजेच्या प्रत्येक लहरीचा शेवटचा भाग कापणारा) घ्या. ४०० वॅटच्या जुन्या बल्बच्या डिमरवर ४०० वॅट एलईडी चालतात असे समजू नका, चौथा हिस्सा धरा. एवढा खर्च नको असेल तर सगळे दिवे डिम करण्याचा नाद सोडून मधल्या गटाचे चारच करा. फेड बहुतेक तिथेच लागतो.

ब्लॅकआउटमध्ये (मंचावर पूर्ण अंधार करताना) दिवे मंद तेवत राहिले तर आधी स्विच पाहा. इंडिकेटरच्या (छोटा दिवा असलेल्या) स्विचमधून बारीक करंट झिरपतो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडला असेल तरीही हेच होते, आणि ते धोक्याचे आहे, कारण बंद दिव्यातही वीज राहते. २४० वॅट म्हणजे जेमतेम एक अँपिअर, तरीही सगळे दिवे एकदम लावताना एमसीबी (जास्त करंट आल्यास वीज तोडणारा स्विच) पडतो, कारण सुरू होताना ड्रायव्हर क्षणभर कितीतरी पट करंट ओढतात. बी प्रकाराऐवजी सी प्रकारचा (क्षणभराचा जास्त करंट सहन करणारा) ६ अँपिअरचा एमसीबी बसवावा. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग हवेच. हे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

प्रेक्षकांच्या डोक्यावर येणारी पट्टी नुसत्या पीओपीच्या छताला स्क्रूने लावू नये. फास्टनर स्लॅबमध्ये गेला पाहिजे आणि प्रत्येक दिव्याला बारीक पोलादी तारेचा दुसरा आधार हवा. भाड्याचे पार लाइट ट्रॅकवर कधीही टांगू नका, त्यांना वेगळा पाइप लागतो. जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) दिव्याच्या तोंडाशी लावावे, मागच्या, उष्णता सोडणाऱ्या पंख्यांसारख्या पात्या झाकू नयेत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि छताजवळ हवा त्याहून तापलेली असते, तिथे झाकलेला दिवा फार टिकत नाही. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांजवळच्या सभागृहांत सुताचे तंतू पट्टीच्या खाचेत साचतात. दर दोन-तीन महिन्यांनी मेन बंद करून कोरड्या ब्रशने खाच साफ करावी. माइकची वायर डिमरच्या वायरीला समांतर नेऊ नये, स्पीकरमध्ये घरघर येते. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

शाळा, वाचनालये आणि सोसायट्यांच्या विश्वस्तांना आमची विनंती आहे. सभागृहाचे छत किंवा रंगकाम पुन्हा करायला काढाल तेव्हा चौथऱ्याच्या पुढे ४ फुटांवर एक रिकामी पट्टी आणि स्विचबोर्डापर्यंत चार स्वतंत्र वायरी टाकून घ्या, दिवे नंतर आले तरी चालतील. स्विचबोर्ड विंगेत न ठेवता प्रेक्षकांच्या मागे ठेवा. उजेड देणाऱ्याला मंच समोरून दिसला पाहिजे.

आपले,
हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करणारे काही कार्यकर्ते,
सोलापूर