लेकीस पत्र: आता बघायला हरकत नाही

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

मोठ्यांसाठीच्या, डार्क म्हणाव्यात अशा ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, मालिका कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. फोनवर चार नावं सांगून मोकळं व्हावं असा हा विषय नाही, म्हणून बसून लिहिते आहे. तू शाळेत असताना यातल्या काही मालिका मी तुला बघू दिल्या नव्हत्या. आता तू कमावती आहेस, एकटी राहतेस, काय झेपतं आणि काय नाही हे तुझं तुला कळतं.

आधी माझं माप सांगते, कारण पुढची सगळी निवड त्यावरच केली आहे. रक्त, मुडदे आणि किंकाळ्यांनी भरलेल्या मालिका पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच मालिकांत माणूस मरतो आणि पुढच्याच मिनिटाला गोष्ट त्याला विसरते. अशा मालिका मी अर्ध्यावर सोडते. माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, मनू. एका घावानंतर त्या माणसाचं आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या त्याच्या घरच्यांचं काय होतं, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. म्हणून मी एवढंच बघते, की मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर मालिका जितकी रेंगाळते, तितका वेळ ज्याला मारलं त्याच्यासाठी आणि मागे उरलेल्यांसाठी तिच्याकडे आहे का.

या मापाला पुरेपूर उतरते ती 'मॉन्स्टर'. नाओकी उरासावांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९४ ते २००१ या काळात 'बिग कॉमिक ओरिजिनल'मध्ये आली. जपानात मांगाची नियतकालिकं वाचक कोणत्या वयाचे, पुरुष की बायका, याप्रमाणे वेगळी असतात, आणि मुख्यतः कळत्या वयाच्या पुरुष वाचकांसाठी असलेल्या या प्रकाराला ते 'सेनेन' म्हणतात. तुला हव्या आहेत त्या मालिका बहुतेक इथूनच येतात. २००४-०५ मध्ये मॅडहाउस स्टुडिओने मासायुकी कोजिमांच्या दिग्दर्शनाखाली तिचे ७४ भाग केले. मूळ कथेला कुठे कात्री लावली नाही, की उगाच फाटे फोडले नाहीत.

१९८६ साल, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ. केन्झो तेन्मा हा मेंदूचा तरुण जपानी सर्जन. एका रात्री डोक्यात गोळी घुसलेला एक लहान मुलगा येतो. तेन्मा ऑपरेशनला निघालेला असताना वरून हुकूम येतो, मुलाला दुसऱ्याकडे दे, महापौर येताहेत, त्यांची केस तू घे. असा हुकूम त्याने आधी एकदा पाळलेला असतो. एका तुर्की कामगाराची केस सोडून त्याने प्रसिद्ध ऑपेरा गायकाला टेबलावर घेतलेलं असतं, आणि तो कामगार गेलेला असतो. त्याची बायको तेन्माला गाठून विचारते, आमचा माणूस आधी आला होता ना? तो प्रश्न मनात घर करून बसल्यामुळे या वेळी तेन्मा हुकूम मोडतो. मुलगा वाचतो, महापौर जातात. मुलाचं नाव योहान. नऊ वर्षांनी हा मुलगा कोण निघतो, यावर पुढची सगळी मालिका उभी आहे.

टेबलावर आधी कोण, याचं उत्तर आम्हाला शिकतानाच दिलेलं असतं. ज्याची अवस्था जास्त गंभीर तो आधी, मग तो कुणीही असो. उरासावा त्याच्या पुढचं विचारतात. ज्याला वाचवलंस तो असा निघाला, तरी तुझं बरोबर होतं का? मी हो म्हणते. आजही म्हणते. पण ही मालिका ते 'हो' सहजासहजी म्हणू देत नाही. आपण वाचवलेल्या मुलाला मारायला पिस्तूल घेऊन निघालेला तेन्मा वाटेत जिथे जिथे जखमी माणूस भेटतो तिथे थांबतो, टाके घालतो आणि मग पुढे जातो. हे मला फार खरं वाटलं. हाताला लागलेली सवय माणसाला सावरते, हे मी सहकाऱ्यांत पाहिलं आहे.

ही मालिका संथ आहे. मधले कित्येक भाग असे आहेत की ज्यांत योहान दिसतही नाही. एखादा म्हातारा, एखादा निवृत्त पोलीस, खेड्यातला एखादा डॉक्टर यांचीच गोष्ट चालते. ते भाग पळवू नकोस. योहानने काय मोडलं आहे ते त्याच माणसांमुळे कळतं. इन्स्पेक्टर लुंगेकडे लक्ष ठेव. समोरच्याचं बोलणं ऐकताना तो हवेत टाइप केल्यासारखी बोटं हलवतो आणि सगळं डोक्यात साठवतो. आणि ग्रिमर. पूर्व जर्मनीच्या एका अनाथालयात वाढलेला, भावना हरवून बसलेला, कुठल्या प्रसंगी कसं हसायचं हे सराव करून शिकलेला माणूस. ते अनाथालय कथेतलं आहे, पण त्याच्या मागची दुभंगलेली जर्मनी, १९८९ मध्ये पडलेली भिंत, त्यानंतर उघड्या पडलेल्या गोष्टी, हे सगळं इतिहासातलं आहे. ग्रिमरबद्दल याहून जास्त सांगणार नाही.

'मॉन्स्टर' लांब वाटली तर उरासावांचीच 'प्लूटो' आधी बघ. २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, आठच भाग, पण प्रत्येक भाग जवळजवळ तासाभराचा. ओसामू तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय' या मांगामधली १९६४ साली सुरू झालेली एक गोष्ट घेऊन उरासावांनी तिचा खुनाचा तपास केला. जगातले सगळ्यात प्रगत रोबो एकेक करून मारले जाताहेत, आणि तपास करणारा गेझिश्ट स्वतः रोबो आहे. पहिल्याच भागात स्कॉटलंडमधल्या एका अंध, चिडक्या संगीतकाराकडे कामाला आलेला नॉर्थ नंबर टू हा रोबो भेटतो. तो युद्धासाठी बनवलेला, त्याचे हात म्हणजे शस्त्रं, आणि त्याला पियानो शिकायचा आहे. त्या दोघांवर मालिका जो वेळ घालवते, त्यासाठीच मी ती तुला सुचवते आहे. त्यातलं युद्ध २००३ च्या इराक युद्धाची आठवण करून देतं, आणि उरासावांची मूळ मांगाही त्याच साली सुरू झाली होती.

आता 'पॅरानोइया एजंट'. सातोशी कोन यांनी केलेली ही एकच टीव्ही मालिका, २००४ ची, १३ भागांची. त्यांचा 'परफेक्ट ब्लू' हा चित्रपट तू पाहिला आहेस. २०१० मध्ये वयाच्या ४६ व्या वर्षी कर्करोगाने ते गेले, आणि हे मला अजून चटका लावतं. टोकियोत रोलर स्केट्सवरून येणारा एक मुलगा सोनेरी बॅटने लोकांना मारून पळतो. ज्यांना तो मारतो ती माणसं आधीच कुठेतरी कोंडीत सापडलेली असतात, आणि मार बसल्यावर त्यांना सुटल्यासारखं वाटतं. बहुतेक भाग एकेका माणसाच्या अशा कोंडीचे आहेत. एक भाग तर ॲनिमेच्याच स्टुडिओत घडतो, डेडलाइन तोंडावर आलेली, माणसं झोपेविना कोसळताहेत. तुझ्या ऑफिसातल्या रात्री तुला आठवतील.

याच मालिकेचा आठवा भाग मात्र जपून बघ. इंटरनेटवर ओळख झालेली तीन माणसं एकत्र आत्महत्या करायला निघतात, आणि त्यातली एक लहान मुलगी आहे. कोन यांनी तो जवळजवळ हलक्याफुलक्या सुरात मांडला आहे, त्यामुळे तो जास्त आत जातो. मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी तो लावू नकोस. आणि तसे दिवस आले तर मालिका बाजूला ठेवून मला फोन कर, रात्री कितीही वाजलेले असोत.

'विनलँड सागा' लढायांची आहे म्हणून तू टाळली होतीस. पुन्हा विचार कर. माकोतो युकिमुरांची कथा, अकराव्या शतकातले व्हायकिंग, इंग्लंड आणि डेन्मार्कवर पुढे राज्य केलेला कनूट राजाही त्यात आहे. २०१९ चा पहिला सीझन बापाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या थोर्फिनचा आहे, आणि तो वेगवान आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो २०२३ चा दुसरा. तिथे हाच थोर्फिन डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम आहे, झाडं तोडतो, मुळं उपटतो, गहू पेरतो. रात्री त्याने मारलेली माणसं स्वप्नात येतात. लोक म्हणतात हा सीझन कंटाळवाणा आहे. मला तो या चारही मालिकांमधला सगळ्यात धाडसी वाटतो, कारण पहिल्या सीझनभर थोर्फिनच्या खंजिरामागे धावणाऱ्या प्रेक्षकाला तो त्या खंजिराने मारलेल्यांकडे बघायला लावतो. अर्नहेड नावाच्या गुलाम बाईचा भाग फार जड आहे. तेव्हा एकटी नसशील तर बरं.

राहिली 'बर्सर्क'. दहावीत तू तिच्यासाठी किती भांडलीस! १९९७ ची, २५ भागांचीच बघ, २०१६ ची नको, तिचं संगणकावरचं चित्रण बघवत नाही. गट्स आणि ग्रिफिथ या दोन लढवय्यांची मैत्री इतकी बारकाईने रंगवली आहे की शेवट अंगावर येतो. शेवटच्या भागांत लैंगिक अत्याचार दाखवला आहे आणि कथा तिथेच तुटते. पुढचं सगळं मांगामध्ये आहे, आणि ती काढणारे केंतारो मिउरा २०२१ मध्ये गेले तेव्हा ती अपुरीच होती. माझ्या मापाला ही मालिका अर्धीच उतरते. ज्या बाईवर तो अत्याचार होतो त्या कास्काचं पुढे काय होतं, याला मांगामध्ये जागा मिळते, मालिकेत नाही. बघायची की नाही हे आता तू ठरव. मी एवढंच म्हणेन की सुरुवात हिच्यापासून करू नकोस.

'सिरियल एक्स्पेरिमेंट्स लेन' तुझ्या दादाला फार आवडते, माझ्या डोक्यावरून गेली. ती त्याला विचार.

सगळं मूळ जपानी आवाजातच ऐक, सबटायटल्स लावून. योहानचं हळू, आर्जवी बोलणं ऐकल्याशिवाय लोक त्याच्यामागे का जातात ते कळणार नाही. आणि एका रात्रीत दहा भाग संपवू नकोस. 'मॉन्स्टर'चे दोन भाग झाले की थांब, जेव, कुणाशी तरी बोल. या शनिवारी पहिले चार भाग बघ. चौथ्या भागाच्या शेवटी तेन्माच्या जागी तू काय केलं असतंस, ते मला रविवारी सांग. बाबांचं उत्तर माझ्यापेक्षा वेगळं आहे आणि आमचं त्यावरून अजून जमत नाही.

डाळीचे लाडू कुरिअरने पाठवले आहेत, मिळाले की कळव.

तुझी,
आई