उन्हाळ्यात झाडीपट्टीत ‘प्रिडेटर’ला माणूस दिसेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत आता गावोगावी मोबाइलवर लघुपट काढणारी पोरं आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांना ‘प्रिडेटर’सारखा सिनेमा करायचा असतो, आणि जंगल तर वावराच्या धुऱ्यापासूनच सुरू होतं. तरी तयार झालेल्या फितीत बंदुका येतात, काळे गॉगल येतात, पळापळ येते. भीती येत नाही. आपल्या चित्रपटाच्या पानावरही अशा सिनेमाला ‘मारधाडपट’ म्हणून दोन ओळींत निकालात काढलं जातं. म्हणून रंगभूषा, प्रकाश आणि ध्वनीचं काम करणारे आम्ही काहीजण हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

जॉन मॅकटिअरनन दिग्दर्शित ‘प्रिडेटर’ १९८७ सालचा: परग्रहावरून आलेला, नजरेला न दिसणारा प्राणी जंगलात माणसांची शिकार करतो, त्याची ही गोष्ट. सुरुवात सरळ कमांडोपटाची आहे: अर्नोल्ड श्वार्झनेगरची तुकडी हेलिकॉप्टरने जंगलात उतरते, शत्रूचा तळ उडवते. मग तुकडीतला एक माणूस मारला जातो आणि उरलेले सगळे समोरच्या झाडीवर गोळ्यांचा पाऊस पाडतात. झाडं आडवी होतात, गोळ्या संपतात, पण मुडदा सापडत नाही. नंतर पानावर हिरव्या चमकत्या रक्ताचे थोडे डाग दिसतात, तेवढंच. सिनेमा इथे कूस बदलतो. ज्या बंदुकीवर मारधाडपट उभा असतो तीच कुचकामी ठरली की प्रेक्षकाला धरायला काही उरत नाही. आपली पोरं या प्रसंगातला गोळीबार तेवढा उचलतात आणि नंतरची शांतता सोडून देतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्राणी आपल्याला दिसण्याच्या कितीतरी आधी, तो आपल्याकडे कसा बघतो हे दिसतं. त्याला माणसाचा चेहरा दिसत नाही, माणसाची उष्णता दिसते. यासाठी त्या काळचा थर्मल स्कॅनर वापरला होता. ‘कोणीतरी आपल्याला बघतंय आणि आपल्याला ते दिसत नाही’ ही भीती मोहफुलं वेचणाऱ्या आणि तेंदूपानं तोडणाऱ्या माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. आमचा पोरांना आग्रह एवढाच आहे की बंदूक बाजूला ठेवा आणि ही नजर धरा. मात्र ती धरायची तर उष्णतेचं गणित आपल्या मातीवर नीट बसवावं लागेल, कारण विदर्भाचा उन्हाळा त्या सिनेमातल्या जंगलासारखा नाही.

माणसाच्या कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. थर्मल कॅमेरा ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी टिपतो आणि आजूबाजूपेक्षा गरम ते उजळ, थंड ते काळं दाखवतो. मार्च-एप्रिलच्या पहाटे, मोहफुलं पडायच्या वेळी, जमीन पंचवीसच्या आसपास असेल, तर झाडाखाली वाकलेला माणूस दिव्यासारखा उजळ दिसेल. ऊन चढू लागलं की उघड्या जमिनीचं तापमान कातडीइतकं होतं. त्या थोड्या वेळात माणूस जवळजवळ पुसला जातो. मे महिन्यात भर दुपारी हवा ४५ अंशांवर आणि उघडी जमीन ५५-६० अंशांपर्यंत तापलेली असते, तेव्हा चित्र उलटतं: तापलेल्या पडद्यावर माणूस गार, काळा डाग म्हणून दिसतो. संध्याकाळी जमीन निवताना पुन्हा एकदा तीच पुसट वेळ येते. थर्मल ड्रोन उडवणारे रात्र किंवा पहाट निवडतात ते याच कारणाने.

यातून पटकथेला केवढं बळ मिळतं बघा. शिकाऱ्यापासून वाचायच्या वेळा दिवसातून दोनच, आणि त्याही रोज थोड्या सरकणाऱ्या. गर्द सावलीत जमीन उशिरा तापते, म्हणून उघड्या वावरात जो माणूस पुसला गेला तो दहा पावलं झाडीत शिरताच पुन्हा उजळतो. म्हणजे सावली, जी आपल्याकडे उन्हाळ्यात जीव वाचवते, तीच इथे जीव घेईल. मचाणावर चढलेला तर आणखी फसला. खालून पाहिलं तर त्याच्या मागे आकाश असतं आणि निरभ्र आकाश थर्मल कॅमेऱ्याला फार थंड दिसतं. हे सगळं आपल्या गावात घडू शकतं, दुसरीकडून काही आणावं लागत नाही.

सिनेमातला चिखलाचा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. नायक नदीतून काठावर येतो, अंगभर चिखल असतो आणि प्राण्याला तो दिसत नाही. यात अर्धं विज्ञान खरं आहे. ओला चिखल बाष्पीभवनामुळे गार राहतो आणि थोडा वेळ कातडीची उष्णता झाकतो. पण काही मिनिटांत अंगाची ऊब त्या थरातून वर येते. डोळे आणि तोंड तर झाकलेलेच नसतात. आपली काळी माती उन्हात लवकर वाळते आणि तडकते, आणि प्रत्येक भेगेतून कातडीची उजळ रेघ दिसेल. तेव्हा तुमच्या नायकाला बोडीच्या (गावच्या लहान तळ्याच्या) काठाला चिकटून राहू द्या, दर थोड्या वेळाने पुन्हा चिखल फासू द्या, आणि बोडीचं पाणी आटत चाललेलं दाखवा. एवढ्या एका गोष्टीवर वीस मिनिटांचा लघुपट उभा राहतो.

एक इशारा. मोबाइलमध्ये मिळणारे ‘थर्मल फिल्टर’ उष्णता मोजत नाहीत. ते फक्त उजेडाला रंग देतात: पांढरा सदरा लाल आणि सावळा चेहरा निळा. जाणकार प्रेक्षक हसतो. खरा थर्मल कॅमेरा नसेल तर माणसाला फिकट कपडे द्या, चेहरा-हातांना फिकट रंग लावा, मागे गडद झाडी ठेवा, मग फिल्टर लावा. माणूस उजळ, रान काळं, एवढं तरी बरोबर येईल. दुपारच्या प्रसंगाला हेच उलट करा. आणि त्या नजरेत काच पारदर्शक दाखवू नका. या लहरी साध्या काचेतून जात नाहीत. जीपच्या बंद काचेमागचा माणूस दिसणार नाही.

आता अदृश्य प्राणी. मूळ सिनेमात ही करामत संगणकाची नव्हती. नटाला लालभडक पोशाख घातला होता, कारण जंगल हिरवं आणि आकाश निळं, त्या दोन्हींपासून लाल सहज वेगळा काढता येतो. मग तोच प्रसंग नटाशिवाय, ३० टक्के अधिक रुंद पाहणाऱ्या भिंगाने पुन्हा टिपला. लाल भाग काढून टाकल्यावर जी पोकळी राहिली तिच्यात हे दुसरं चित्र भरलं. मागचं रान आतल्या आकारात लहान होऊन वाकल्यासारखं दिसतं, पाण्याचा माणूस चालल्यासारखं. या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

मोबाइलवर हे करता येतं. फोन ट्रायपॉडवर पक्का बसवा, फोकस आणि उजेड बोट दाबून लॉक करा. पहिला शॉट १.३ झूमवर, लाल पोशाखातल्या माणसासह. फोन न हलवता दुसरा शॉट १ झूमवर, रिकामा. ०.५ आणि १ अशी जोडी घेऊ नका. ती दोन वेगळी भिंगं असतात आणि रंग जुळत नाहीत. एडिटिंग ॲपमध्ये रिकामा शॉट खाली, लाल माणसाचा वर, आणि वरच्यावर क्रोमा-की (एकच रंग निवडून पुसणारी सोय) लावून लाल उडवा. कापड सुतीच हवं, ३६ इंची पन्ह्याचं, टोपीसकट साधारण ६ मीटर. साटीन घेतलं की चमक पांढरी येते, तेवढा भाग उडत नाही आणि हवेत पांढरे ठिपके तरंगतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा रानामुळे. दोन शॉटांच्या मध्ये वारा सुटला की पानं जागा बदलतात आणि कडा थरथरते, म्हणून पहाटेची स्तब्ध वेळ धरा आणि दोन्ही शॉट पाच मिनिटांच्या आत उरका. होळीच्या सुमाराला पळस फुललेला असतो. क्रोमा-की त्याची फुलंही खाऊन टाकते आणि झाडाला भोकं पडतात. कुसुमाची कोवळी लाल पालवी आणि मुरमाची तांबडी वाटही तशीच दगा देते. अशा जागी लालऐवजी निळं कापड घ्या आणि चौकटीत आकाश येऊ देऊ नका. आपल्या कातडीतही तांबूस छटा असते. लाल रंगाची मर्यादा सैल सोडली तर नायकाचा गालच पारदर्शक होतो. जमिनीवरची सावली मात्र क्रोमा-कीने जात नाही. ढगाळ वेळ किंवा दाट छाया शोधा.

आणि एवढी मेहनत केल्यावर तो आकार सतत दाखवायचा मोह टाळा. स्थिर असताना काहीच नको, फक्त हलला की दिसावा, तोही दोन-तीन सेकंद. मूळ सिनेमात प्राण्याचा मुखवटा निघतो तो थेट शेवटच्या झुंजीत. पहिल्या दृश्यातच त्याचा चेहरा दाखवलात तर पुढे फक्त रंगभूषा उरते.

भीतीचा मोठा वाटा कानातून येतो, आणि तिथे आपल्या पोरांचं काम सगळ्यात कच्चं असतं. उसनं संगीत लावण्याआधी रान ऐका. वानर झाडाच्या शेंड्यावरून खॅक-खॅक करतं, चितळ ओरडतं, तेव्हा गावातलं लहान मूलही थांबतं. रातकिड्यांचा आवाज दोन मिनिटं सलग ठेवा, प्रेक्षक तो विसरतो. मग एकदम बंद करा. त्या बंद होण्याइतकं दचकवणारं वाद्य आमच्या माहितीत नाही. वाळलेल्या सागाच्या पानांवरचं पाऊल वेगळं रेकॉर्ड करा, फोन पानांपासून वीतभर अंतरावर, माइकवर स्पंजचा तुकडा. नाहीतर वाऱ्याची घरघर सगळं गिळते. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, म्हणजे वेगळा ध्वनी जुळवता येतो. ‘प्रिडेटर’चा तो कटकट आवाज पीटर कलन या आवाजी कलाकाराने स्वतःच्या गळ्यातून काढला होता. जिभेने काढलेला टकटक आवाज निम्म्या वेगाने वाजवा, तो एक सप्तक खाली उतरतो आणि माणसाचा वाटत नाही.

हिरव्या रक्तासाठी तिकडे चमकणाऱ्या कांड्यांतलं द्रव्य जेलीत मिसळलं होतं. आपण ते करू नये असं आमचं मत आहे: कांडीच्या आत काचेची नळी फुटलेली असते आणि द्रव डोळ्यांना झोंबतो. एक कप पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर शिजवा, थंड झाल्यावर फ्लोरोसंट हिरवा रंग घाला आणि शॉटच्या वेळी त्यावर अतिनील टॉर्च मारा. टॉर्च नसेल तर ते चमकणार नाही, साधी हिरवी पेज दिसेल. टॉर्च कोणाच्या डोळ्यांवर नको. ही पेज उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबते, रोज ताजी करा.

मुखवट्यासाठी लांब जायला नको. वडसा आणि आसपासच्या नाटक मंडळ्यांत रंगभूषा आणि नेपथ्य करणारे हात आहेत. दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे नाटकं रंगणाऱ्या गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यात त्यांना काम कमी असतं. त्यांना विचारा, मानधन द्या. फोम आणि रबराच्या मुखवट्यात माणूस पटकन उकडतो. दहा मिनिटांवर आत ठेवू नका, जवळ मीठ-साखरेचं पाणी ठेवा, आणि सकाळी नऊनंतर तो मुखवटा चढवूच नका.

काही गोष्टी मात्र ठामपणे सांगायला हव्यात. राखीव जंगलात, व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शूटिंग नको. धुरा, बोडी, गावठाण, पडीक वावर यांवर सगळं होतं. उन्हाळ्यात फटाके, बारूद, मशाली अजिबात नकोत, एका ठिणगीने तेंदूचा सगळा हंगाम जळतो. नकली बंदूक आणि लष्करी कपडे घालून गडचिरोलीच्या रानात फिरणं जिवावर बेतू शकतं. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला तारीख, जागा, माणसांची नावं लेखी कळवा आणि पोचपावती खिशात ठेवा. आणि शिकारी म्हणून वाघ दाखवू नका. वाघाने माणूस गमावलेली घरं आपल्याच गावात आहेत. अशी एखादी तुटक फीत व्हॉट्सॲपवर खरी बातमी म्हणून फिरली तर दुसऱ्या दिवशी लोक काठ्या घेऊन निघतात. परग्रहावरचा प्राणी परग्रहावरचाच राहू द्या.

याच मालिकेतला २०२२ चा ‘प्रे’ पोरांना आवर्जून दाखवावा. त्याचं कथानक १७१९ मधलं आहे आणि नायिका नारू ही अमेरिकेतल्या कोमांची या आदिवासी जमातीची मुलगी. तिच्याकडे बंदुकीचा साठा नाही. अंग गार करणारी एक वनस्पती ती ओळखते आणि तेवढ्यावर शिकाऱ्याच्या नजरेतून सुटते. हा सिनेमा पूर्णपणे कोमांची भाषेतल्या संवादांसहही उपलब्ध केला गेला. रानातली झाडपाल्याची माहिती आपल्या गोंड आणि माडिया घरांत आहेच. मग असा सिनेमा गोंडीत, माडियात किंवा झाडीबोलीत का होऊ नये? संवाद कमीच असतात, आणि खालच्या मराठी ओळी बऱ्याच एडिटिंग ॲपमध्ये फुकटात लावता येतात.

आपल्याला विनंती अशी की चित्रपटाच्या पानावर आठवड्यातून एकदा पाव पान अशा कारागिरीसाठी राखावं: एक सिनेमा, त्यातली एक युक्ती, ती गावात कशी करायची आणि कुठे फसते. पहिले काही मजकूर आम्ही विनामोबदला लिहून देऊ. पळस फुलायच्या आत सुरुवात झाली तर पोरांना लाल कापड घ्यायचं की निळं, हे वेळेत कळेल.

आपले,
ध्वनी, प्रकाश व रंगभूषेचं काम करणारे काहीजण,
ब्रह्मपुरी-वडसा परिसर