मॅमोग्राफीच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

वयाने तुम्ही माझ्या लेकीएवढ्या, तरी ताईच म्हणते. तुमच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरलं होतं, त्यामुळे नाव काही वाचता आलं नाही. तुम्ही मला काकू म्हणत होतात, तेवढीच आपली ओळख.

मी नारायण पेठेत ब्लाउज शिवते. गौरी-गणपतीची कामं हातावेगळी केली, विसर्जनाचे ढोल थांबले आणि दोनच दिवसांनी सकाळी सातला तुमच्या दाराशी येऊन बसले. रात्रीपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. हाताला लागेल अशी गाठ मला कधी नव्हतीच. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, डाव्या बाजूला मिठाच्या चुऱ्यासारखे पांढरे ठिपके दिसले, सुईने तुकडा काढून तपासला तर दूधनळीच्या आतच असलेला, भिंत न ओलांडलेला कॅन्सर निघाला. सर्जन म्हणाले, जे बोटांना लागत नाही ते काढायचं कुठून? ऑपरेशनच्या दिवशीच सकाळी तार घालून खूण करून घेऊ.

तार! या एका शब्दावर आमच्या घरात तीन दिवस काथ्याकूट. जाऊबाई तर शॉक वगैरे देतात की काय इथपर्यंत गेल्या. 'घाबरू नका' असं तोवर मला निदान वीस जण म्हणाले असतील. आधीची तपासणी जिथे झाली तिथे तर 'काही नाही हो' म्हणता म्हणता सुई टोचून मोकळे झाले होते.

तुम्ही ते वाक्य उच्चारलंच नाहीत. तारेचं पाकीट न फोडता माझ्यासमोर धरलंत आणि सांगितलंत, ही बारीक तार पोकळ सुईतून आत जाते. सुईत असेपर्यंत तिचं टोक सरळ, सुई मागे घेतली की टोकाचा आकडा उघडतो आणि जागेवर अडकून बसतो. मी म्हटलं, म्हणजे कच्चा टाकाच की हा. घालायचा, त्याच्या धोरणाने कापायचं, आणि काम झालं की तोही काढून टाकायचा. तुम्ही हसलात. म्हणालात, "काकू, आता मी बाकीच्यांनाही असंच सांगणार."

मग त्या यंत्रापुढची खुर्ची. छाती दोन पट्ट्यांत दाबलेली, वरच्या पट्टीला चौकोनी खिडकी, तिच्या एका कडेला अक्षरं, दुसऱ्या कडेला आकडे. फोटोत ठिपके कुठल्या अक्षराच्या आणि कुठल्या आकड्याच्या रेषेत पडतात ते बघून डॉक्टर मॅडम सुई घालणार. तोवर पट्टी सैल करायची नाही, नाहीतर माप चुकलं. "आता हलायचं नाही, मॅडम माप वाचतायत." "आता भुलीचं इंजेक्शन, हे चुरचुरेल." चुरचुरलं. "आता आत दाबल्यासारखं वाटेल. दुखलं तर लगेच बोला, सहन करत बसू नका." दरवेळी आधी शब्द, मग हात. माझा गाल यंत्राला टेकलेला, मान वाकडी, डोळ्यांसमोर फक्त तुमच्या पांढऱ्या कोटाचा खिसा. डावा कोपरा तीन बोटं उसवलेला, त्यातून पेनचं टोक बाहेर आलेलं. मी त्या खिशाकडे बघत राहिले.

पट्टी सोडून दुसऱ्या बाजूने दाबून सुई किती खोल गेली ते बघायची वेळ आली तेव्हा कानात शीळ वाजायला लागली. मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "ओठ पांढरे पडलेत," आणि पाठीला हात लावून मला धरलंत. कपाळावर ओला रुमाल, पाय थोडे वर. उपाशीपोटी ताठ बसून होतं असं, यात लाजण्यासारखं काही नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. मॅडम थांबल्या. कुणीही घड्याळाकडे बघितलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

शेवटी बाहेर राहिलेल्या तारेवर तुम्ही चहाचा कागदी पेला पालथा घालून चिकटपट्टीने बसवलात, धक्का लागून तार सरकू नये म्हणून. सकाळपासून चहाला तरसलेल्या बाईच्या छातीवर चहाचा पेला! त्या अवस्थेतही मला हसू आलं.

पुढचं मला भुलीत कळलं नाही, सर्जननी नंतर सांगितलं. काढलेला तुकडा परत तुमच्याच यंत्रावर आला होता. कुठली बाजू कुठली ते कळावं म्हणून त्याला दोरे घातलेले, आखूड दोरा वरच्या अंगाला, लांब दोरा काखेकडच्या. फोटोत आकड्यासकट तार दिसली, ठिपकेही आले होते, पण एका कडेला अगदी लागून. तुम्ही तो फोटो लगेच मॅडमना दाखवलात, तिथून थिएटरमध्ये फोन गेला आणि टाके घालायच्या आधी सर्जननी त्या बाजूचं आणखी थोडं काढलं. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कडेला कॅन्सर नव्हता. नाहीतर पुन्हा टेबलावर जावं लागलं असतं.

मग रेडिएशनच्या १५ खेपा झाल्या. थकवा येतो, दुपारी शिलाई मशीन बंद ठेवते. भाची सांगते, आता चुंबकाचा बारीक दाणा काही दिवस आधीच घालून ठेवतात, तारेची गरजच नाही. चांगलंच आहे की. माझं काम तारेने झालं.

टाके काढायला आले तेव्हा तुमच्या खोलीबाहेर लाल दिवा होता, बराच वेळ थांबून परतले. आता वर्षाच्या मॅमोग्राफीला येईन तेव्हा भेटू. त्याआधी तो कोट मात्र दुकानात आणून टाका. दहा मिनिटांचं काम आहे, कोपऱ्याला दुहेरी टीप मारून देते. पैसे विचारायचे नाहीत.

तुमची,
कच्च्या टाक्यावाली काकू