गोळी रक्त दिल्यावर

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

रिपोर्टचा फोटो मिळाला. आईचा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) एकदम खाली, फ्री टी४ (थायरॉइडचा स्वतःचा हार्मोन) वर, म्हणजे कागदावर गोळी जास्त होतेय, आणि पाठोपाठ बाबांचा फोन: "थायरॉइडची गोळी अर्धी करू का?" बाबा, गोळीला हात लावू नका. आधी डॉक्टरांना ते सांगा जे आईने कुणालाच सांगितलेलं नाही. केस गळतात म्हणून ती जी गोळी घेते, तिच्यात बायोटिन नावाचं जीवनसत्त्व आहे. आमच्या लॅबमधल्या कित्येक यंत्रांत हार्मोन पकडायचा चिमटाच बायोटिनचा असतो. केसांच्या गोळीतलं बायोटिन रक्तात भरपूर असलं, की ते चिमट्याची जागा अडवतं. मग टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी४ खोटा जास्त. माणूस ठणठणीत, कागदावर आजारी! ती केसांची गोळी तपासणीआधी निदान 2 दिवस बंद हवी, डोस मोठा असेल तर त्याहून जास्त. किती, ते डॉक्टर सांगतील.

शिवाय थायरॉइडची गोळी घेऊन आई रक्त द्यायला गेली. त्यानेही टी४ काही तास चढतो. आधी सुई, मग गोळी. आणि वेळ दर खेपेला तीच ठेव. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो. मागचा सकाळी 7 चा आणि आताचा दुपारचा आकडा शेजारी ठेवून काय कळणार?

बाबा, तुमचं कॉर्टिसॉल (ताणाच्या हार्मोनची तपासणी) सकाळी 8 च्या सुमारासच द्या. "जेवून निवांत जातो" चालणार नाही, दुपारपर्यंत ते आपसूकच उतरतं. सोबत एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला लावणारा हार्मोन) लिहिलंय, ते भारी नाजूक. साध्या तापमानाला रक्तातली एन्झाइम्स त्याचे तुकडे करतात. जांभळ्या बुचाची नळी, लगेच बर्फात, आणि पुढे थंड सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून वेगळं करायचं यंत्र. म्हणून घरी बोलावून रक्त देऊ नका, लॅबमध्येच जा आणि बर्फ आहे ना, विचारा. हसले तर हसू देत. (रेनिन नावाच्या दुसऱ्या तपासणीचं नेमकं उलटं. बर्फात ठेवलं की त्याचं झोपलेलं रूप, प्रोरेनिन, जागं होतं आणि आकडा फुगतो. नवीन मुलं इथे हमखास चुकतात, मीही चुकले होते.)

आई, त्या केसांच्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठव. मागची बाजू, जिथे मायक्रोग्रॅम लिहिलेत ती.

तुमची,
लेक