नोटेची मागची बाजू पण छापा की!

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत झिम्बाब्वेच्या नोटेचा फोटो बघितला, बरं वाटलं, पण खाली 'शंभर अब्ज डॉलर' छापलंय ते चुकलं. ती शंभर ट्रिलियनची आहे, एकावर चौदा शून्यं, म्हणजे आपल्या भाषेत एक कोटी कोटी. भास्कराचार्यांनी या आकड्याला जलधी म्हटलंय, समुद्र! महागाई इतकी भडकली की झिम्बाब्वेनं चलनावरची 2006 ला तीन शून्यं कापली, 2008 ला दहा, 2009 ला बारा, आणि आता उरलेल्यातली तीन तुम्ही खाल्लीत.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ही नोट दिसली की सगळे नुसती शून्यं मोजतात न हसतात, चित्राकडं कोणी बघतच नाही. माझ्याकडं एक आहे, कोरी करकरीत, पुण्यात नाण्यांच्या प्रदर्शनात घेतलेली, निळसर रंगाची. पुढं एकावर एक रचल्यासारखे तीन दगड आहेत, ते कोणी रचलेले नाहीत बरं का, राजधानी हरारेजवळ एपवर्थला तसेच उभे आहेत, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नोटांपासून तेच दगड छापत आलेत. पैसा पार कोसळला तरी नोटेवरचे दगड काही पडले नाहीत! मागं व्हिक्टोरिया धबधबा, तिथले लोक त्याला गरजणारा धूर म्हणतात, आणि शेजारी शिंगं वळलेली रानम्हैस. नोट तिरपी केली की ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी शहराच्या अवशेषांमधल्या दगडी पक्ष्याचा रंग बदलतो, मी अजून पण दोनचारदा तिरपी करून बघतोच.

आणि वर तिथल्या रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर गिडियन गोनोंची सही, मागाल तेव्हा पैसे देऊ असं वचन देऊन. जानेवारी 2009 ला नोट आली, एप्रिलमध्ये ते चलनच बंद. 2015 ला सरकारनं जुन्या नोटा परत घेतल्या तेव्हा 250 ट्रिलियनला एक अमेरिकन डॉलर दिला, म्हणजे या नोटेचे चाळीस सेंट. मी मोजले त्याच्या कितीतरी पट जास्त, घरी आकडा सांगितलेला नाही, म्हणून इथं पण लिहीत नाही.

ऑनलाइन सोनेरी चकचकीत प्लास्टिकची मिळते ती घेऊ नका, ते खेळणं आहे. आणि पुढच्या वेळी फोटो टाकाल तर मागची बाजू पण टाका, म्हैस फार झकास काढलीय.

- एक नोटवेडा वाचक, सांगली